चीज आणि हर्ब्ज घालून बेक केलेल्या भाज्या : तळाशी पाणी न साचू देता

मुंबईतल्या मराठी घरांत पाहुण्यांसाठी किंवा वाढदिवसाच्या जेवणासाठी केली जाणारी बेक्ड भाजी बिघडते ती बहुतेक वेळा एकाच रीतीने. वरून चीजचा सोनेरी थर सुरेख दिसतो, पण डाव खोलवर घातला की भांड्याच्या तळाशी दुधकट पाणी निघते, त्यात फ्लॉवरचे मऊ पडलेले तुरे तरंगत असतात आणि चीज भाजीला न चिकटता वेगळेच वातड होऊन बसते. अशा वेळी दोष चीजच्या ब्रँडला किंवा ओव्हनला दिला जातो. खरे कारण भाजीतले पाणी हे असते, आणि ते चीज घालण्याआधीच बाहेर काढून उडवले, तर उरलेली कृती फारशी अवघड नाही. म्हणून या लेखात भाज्या दोन टप्प्यांत भाजण्याची रीत दिली आहे : आधी नुसत्या भाज्या तेल-मीठ लावून चांगल्या खमंग भाजायच्या आणि त्यानंतरच त्यांवर चीज घालून थोडा वेळ पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायच्या.

फ्लॉवर, ढोबळी मिरची, टोमॅटो, झुकिनी आणि दुधी या सगळ्यांच्या वजनातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. गाजर त्या मानाने किंचित कोरडे, इतकेच. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे भाजीचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत ओव्हनचा काटा 200 वर असला, तरी भाजीचे तापमान शंभराच्या फारसे वर चढत नाही. तांबूस रंग आणि भाजका वास मात्र साधारण 140 अंशांच्या पुढे नीट येऊ लागतो. याचा अर्थ असा की पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत भाजी केवळ वाफवली जात असते. कच्च्या किंवा नुसत्या उकडलेल्या भाजीवर सुरुवातीलाच चीज पसरले, तर ते झाकणासारखे काम करते, वाफ आतच कोंडते, आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजत राहते.

साहित्य

चार माणसांना तोंडीलावणे म्हणून पुरेल एवढ्या पदार्थासाठी मध्यम आकाराचा एक फ्लॉवर घ्यावा. तुरे काढल्यावर तो सुमारे 400 ग्रॅम भरला पाहिजे. त्याच्या जोडीला दोन गाजरे म्हणजे सुमारे 150 ग्रॅम, फरसबी 100 ग्रॅम, एक ढोबळी मिरची, एक मोठा कांदा आणि लसणाच्या पाच-सहा पाकळ्या सालासकट घ्याव्यात. तेल दोन मोठे चमचे लागते. ऑलिव्ह तेल असल्यास उत्तम, पण रोजचे शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेलही चालते आणि या तापमानाला ते काही कमी पडत नाही. मीठ अर्धा चहाचा चमचा, ताजी कुटलेली मिरी पाव चमचा, वाळलेला ओरेगॅनो किंवा थाइम एक चहाचा चमचा, मोझरेला 80 ग्रॅम, चेडर किंवा साधे प्रोसेस्ड चीज 40 ग्रॅम, शिळ्या पावाचा जाडसर चुरा तीन मोठे चमचे आणि शेवटी पेरण्यासाठी मूठभर कोथिंबीर किंवा पार्सली, एवढेच साहित्य आहे. मिठाचे प्रमाण कमी वाटेल, परंतु चीजमध्ये, विशेषतः प्रोसेस्ड चीजमध्ये, मीठ भरपूर असते. भाजीला चवीपुरते पूर्ण मीठ लावले, तर तयार पदार्थ हमखास खारट होतो.

जैन पद्धतीने करायचे असल्यास गाजर, कांदा आणि लसूण वगळून त्यांच्या जागी मक्याचे दाणे आणि फरसबी वाढवावी. चीज घेताना मात्र वेष्टनावरील हिरवी खूण पाहावी. चीज बनवताना दूध फाडण्यासाठी रेनेट वापरले जाते आणि ते काही प्रकारांत वासराच्या जठरातून काढलेले असते. इटलीहून येणाऱ्या अस्सल पार्मिजानोमध्ये ते असतेच. भारतात बनणारी नेहमीची चीज बहुधा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटवर तयार होतात. शाकाहारी पाहुणे जेवायला येणार असतील, तर क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेने आणलेल्या परदेशी चीजबाबत ही चौकशी आधीच करून ठेवलेली बरी.

भाज्यांची निवड

हा पदार्थ कोणत्याही भाजीचा होतो असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. फ्लॉवर या कामाला सर्वांत योग्य, कारण त्याच्या तुऱ्यांच्या खडबडीत माथ्यावर तेल, मसाला आणि चीज हे तिन्ही धरून राहतात. शिवाय फ्लॉवर जास्त वेळ उकडल्यावर त्याला जो उग्र गंधकी वास येतो, तो कोरड्या उष्णतेत भाजल्यावर जवळजवळ जाणवत नाही आणि उलट किंचित गोडवा येतो. हिवाळ्यात दादर किंवा भायखळ्याच्या मंडईत घट्ट, पांढराशुभ्र, जड फ्लॉवर मिळतो, तेव्हाच हा पदार्थ खऱ्या अर्थाने करावा. पावसाळ्यात फ्लॉवर सुटा, पिवळसर आणि अळीचा असण्याची शक्यता अधिक असते. तो कोमट मीठ-हळदीच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवणे आवश्यक ठरते, आणि नंतर तुऱ्यांच्या आत शिरलेले पाणी काढणे ही वेगळीच खटपट होते.

पावसाळ्यातच काही करायचे असेल, तर लाल भोपळ्याकडे वळावे असे मी सुचवीन. तो बाराही महिने मिळतो, कापल्यावर त्याला पाणी सुटत नाही, भाजल्यावर त्याची गोडी दाट होते आणि खारट चीजबरोबर ती फार चांगली जमते. बटाटा वापरायचा असल्यास त्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटे उकळून, निथळून, चाळणीत थोड्या हलवून कडा खरबरीत करून घ्याव्यात, म्हणजे त्या कुरकुरीत होतात. ब्रोकोली लवकर शिजते आणि तिचे बारीक कळे करपतात, म्हणून ती पहिल्या दहा मिनिटांनंतर ट्रेमध्ये टाकावी.

झुकिनी आणि दुधी यांना मात्र वेगळी वागणूक द्यावी लागते. त्यांचे बोटभर जाड काप करून, मीठ चोळून, चाळणीत वीस मिनिटे ठेवावेत आणि मग स्वच्छ पंचात गुंडाळून हलक्या हाताने दाबावेत. जेवढे पाणी या वेळी निघते, ते पाहिल्यावर हा टप्पा गाळण्याची इच्छा पुन्हा होत नाही. अशा भाज्यांना नंतर वेगळे मीठ लावू नये. टोमॅटो घ्यायचे तर बिया आणि गर काढून टाकून केवळ जाड सालपटाचा भाग घ्यावा. मशरूमना इतके पाणी सुटते की ती वेगळ्या ट्रेमध्येच भाजलेली बरी. वांगे तेल पिते, तरी भरताचे मोठे वांगे जाड फोडी करून भाजल्यास हर्ब्जबरोबर छान लागते. शिराळे आणि पडवळ यांची मऊ, ओलसर चव आमटी-भाजीतच शोभते. ती चीजखाली घालण्यात काही अर्थ नाही.

चिरणे आणि कोरडे करणे

सगळ्या भाज्या एकाच वेळी तयार व्हाव्यात यासाठी त्या सारख्या आकाराच्या चिरण्यापेक्षा त्यांच्या कठीणपणाप्रमाणे चिराव्यात. गाजर घट्ट असल्याने त्याचे काप अर्ध्या सेंटीमीटरहून जाड नकोत. फ्लॉवरचे तुरे साधारण चार सेंटीमीटरचे ठेवावेत आणि मोठा तुरा देठातून मधोमध कापून त्याची एक बाजू सपाट करावी, कारण ट्रेला टेकलेली हीच सपाट बाजू सर्वांत चांगली भाजली जाते. फ्लॉवरचा मधला जाड देठ टाकून देऊ नये. वरची धागेदार साल काढून त्याच्या चकत्या केल्या, तर त्या तुऱ्यांपेक्षाही गोड लागतात. ढोबळी मिरचीचे आणि कांद्याचे तुकडे मोठे असावेत, कारण ते फार आकसतात. फरसबीच्या शिरा काढून तिचे तीन-तीन तुकडे पुरतात.

भाज्या शक्यतो चिरण्याच्या तासभर आधी अख्ख्या धुवून पंख्याखाली पसरून ठेवाव्यात. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही जून ते सप्टेंबरमध्ये, भाजी नुसती ओट्यावर ठेवून कोरडी होत नाही. पंचाने टिपणे आणि पंखा लावणे हे दोन्ही करावे लागते. फ्लॉवरचे तुरे धुतल्यावर उलटे, म्हणजे माथा खाली करून ठेवले, तर आतले पाणी आपोआप निथळते. ही तयारी कंटाळवाणी आहे हे मान्य, परंतु पुढच्या अर्ध्या तासाचे यश तिच्यावरच अवलंबून असते.

ओव्हन

मुंबईच्या स्वयंपाकघरांत साधारण दोन प्रकारची साधने आढळतात : ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, आणि कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह. ओटीजी असल्यास वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड सुरू करून तो 200 अंशांवर पंधरा मिनिटे तापवावा. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन मोड निवडून तेवढेच तापमान ठेवावे आणि भांडे उंच जाळीवर ठेवावे. त्यातील पंखा गरम हवा खेळवत असल्याने भाज्या पाचेक मिनिटे लवकर होतात. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर हा पदार्थ करू नये. त्या लहरी भाजीतल्या पाण्यालाच तापवतात, भोवतालची हवा थंड राहते आणि भाजी शिजली तरी भाजली जात नाही. धातूचा ट्रे कन्व्हेक्शन मोडवर चालतो, मायक्रोवेव्ह मोडवर चालत नाही, ही गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत असावी.

एक सूचना जुन्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी. ओटीजी बहुधा 1500 वॉट किंवा त्याहून अधिक वीज घेतो, म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या वर. मिक्सरसाठी असलेल्या लहान प्लगवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून तो चालवणे धोक्याचे आहे. फ्रीज किंवा गिझरसारखा 16 अँपिअरचा पॉइंट असेल तेथेच तो लावावा. घरगुती ओव्हनच्या काट्यावरचे तापमान आणि आतले तापमान यांत फरक असणे ही सामान्य गोष्ट आहे, त्यामुळे पुढे दिलेल्या मिनिटांपेक्षा भाजीच्या रंगावर अधिक विश्वास ठेवावा.

पहिला टप्पा : भाजणे

चिरलेल्या, कोरड्या भाज्या मोठ्या परातीत घेऊन त्यांवर तेल, मीठ, मिरपूड आणि वाळलेला ओरेगॅनो किंवा थाइम घालावा. वाळलेली पाने तळहातावर चुरून घातली की त्यांतले तेल मोकळे होऊन वास खुलतो. मग दोन्ही हातांनी भाज्या वरखाली करून प्रत्येक तुकड्याला तेलाचा पातळ लेप बसेल असे पाहावे. तेल येथे केवळ चवीसाठी नसते; ट्रेची आणि हवेची उष्णता भाजीच्या खाचाखोचांत पोचवण्याचे कामही तेच करते. हर्ब्ज कोरडीच भाजीवर टाकली तर ओव्हनमध्ये जळून कडू होतात, तेलात भिजलेली मात्र टिकतात.

आता या भाज्या ट्रेमध्ये एकाच थरात पसराव्यात, आणि दोन तुकड्यांमध्ये थोडी जागा राहू द्यावी. बहुतेक जण चुकतात ते येथेच. ओटीजीबरोबर मिळणारा ट्रे लहान असतो आणि वर दिलेले प्रमाण त्यात एका वेळी नीट मावत नाही. तरीही ते दाटीवाटीने भरण्याचा मोह होतो, आणि मग विरार लोकलच्या डब्यासारखी अवस्था होऊन सुटलेल्या वाफेला बाहेर जायला वाटच उरत नाही. भाज्या दोन हप्त्यांत भाजाव्यात. वेळ वाढतो, पण पर्याय नाही. पहिल्या हप्त्यात गाजर, फ्लॉवर आणि लसूण, आणि दुसऱ्यात कांदा, फरसबी व ढोबळी मिरची, अशी वाटणी केल्यास वेगवेगळ्या वेळेचा प्रश्नही आपोआप सुटतो.

फ्लॉवर-गाजराला सुमारे पंचवीस मिनिटे आणि दुसऱ्या हप्त्याला पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. अर्ध्या वेळेनंतर ट्रे बाहेर काढून भाज्या उलटाव्यात आणि ट्रे फिरवून ठेवावा, कारण लहान ओव्हनमध्ये मागची बाजू सहसा अधिक तापते. ओव्हनचे दार उघडल्यावर बाहेर येणारा वाफेचा लोट पाहून घाबरू नये. तेच पाणी आपल्याला घालवायचे आहे. तुऱ्यांच्या कडा गडद तांबूस झाल्या, सुरीचे टोक देठात सहज पण किंचित अडत शिरले आणि ट्रेवर ओलसरपणा दिसेनासा झाला, की पहिला टप्पा संपला. भाजी पूर्ण मऊ होईपर्यंत थांबू नये, कारण चीजखाली ती आणखी थोडी शिजणार असते.

लसूण सालासकट भाजण्याचे कारण असे की बारीक चिरलेला लसूण 200 अंशांना काही मिनिटांतच काळा पडतो आणि त्याचा कडवटपणा सगळ्या भाजीत उतरतो. सालीत भाजलेल्या पाकळ्या लोण्यासारख्या मऊ होतात; त्या दाबून गर बाहेर काढावा, चमच्याने ठेचावा आणि गरम भाज्यांत मिसळावा. आंबटपणा आवडत असल्यास याच वेळी अर्ध्या लिंबाची किसलेली साल घालावी. रस मात्र या वेळी घालू नये.

हर्ब्जविषयी थोडे

पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या मुंबईतल्या प्रत्येक घरात कुठल्यातरी खणात साठलेल्या असतात. त्या वापरायला हरकत नाही, मात्र त्यांतल्या पुष्कळशा केवळ ओरेगॅनोच्या नसून मीठ, लसूण पूड आणि मिरची मिसळलेल्या असतात. वेष्टन वाचून त्याप्रमाणे मीठ कमी करावे. पावसाळ्यात वाळलेली हर्ब्ज दमट होऊन त्यांचा वास जातो, म्हणून ती लहान बरणीत, घट्ट झाकणात ठेवावीत. ताजी पाने वापरायची असतील तर वाळलेल्याच्या साधारण तिप्पट घ्यावीत. रोझमेरी आणि थाइम यांसारखी चिवट पाने सुरुवातीपासून ओव्हनमध्ये जाऊ शकतात. बेझिल, पार्सली आणि कोथिंबीर ही नाजूक पाने ओव्हनमधून काढल्यानंतरच पेरावीत, नाहीतर काळी पडतात.

परदेशी हर्ब्ज हाताशी नसतील तर आपल्या घरातल्याच दोन गोष्टी चांगली साथ देतात. थाइमला त्याचा ओळखीचा वास देणारे थायमॉल हे द्रव्य ओव्यातही भरपूर असते, म्हणून थाइमऐवजी चिमूटभर ओवा हातावर चोळून घातला, तर चव फार दूर जात नाही. लाल भोपळ्यावर तर मला ओवाच अधिक आवडतो. गॅलरीतल्या कुंडीत पानओवा असेल, ज्याच्या जाड, लवयुक्त पानांची भजी केली जातात, तर त्याची दोन पाने अगदी बारीक चिरून घालावीत. ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल त्याच्यातही असते, पण चव जोरकस असल्याने दोनांहून अधिक पाने घालू नयेत. ज्या झाडाचे बी आपण फालुद्यात घालतो त्या सब्ज्याची पाने बेझिलच्या जागी चालतात, कारण ती वनस्पती तीच आहे. देवघरापुढची तुळस मात्र येथे उपयोगाची नाही; तिचा लवंगेच्या अंगाने जाणारा उग्र वास चीजशी जुळत नाही.

दुसरा टप्पा : चीज

चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेली चरबी आणि पाणी. उष्णता मिळाली की आधी चरबी वितळते, मग प्रथिनांचे जाळे सैल होऊन चीज वाहू लागते. मात्र उष्णता फार वेळ मिळत राहिली, तर तेच जाळे आकसते, चरबी बाहेर पडून तेलाचा तवंग येतो आणि उरलेला भाग वातड होतो. म्हणूनच चीज ओव्हनमध्ये दहा मिनिटांहून अधिक ठेवण्याची गरज पडता कामा नये, आणि ते शक्य होते ते भाज्या आधीच शिजलेल्या असल्यामुळे.

मोझरेला सुरेख ताणले जाते, पण त्याला स्वतःची चव बेताचीच असते. चेडरला चव असते, पण ते एकटे वापरले तर तेल सोडते. प्रोसेस्ड चीजमध्ये मिसळलेले इमल्सिफायिंग क्षार चरबी आणि प्रथिने एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे ते गुळगुळीत वितळते, फुटत नाही, पण त्याची तार निघत नाही. दोन भाग मोझरेला आणि एक भाग चेडर किंवा प्रोसेस्ड चीज हे मिश्रण म्हणूनच सोयीचे आहे. पनीर या कामाचे नाही. आम्लाने फाडलेल्या दुधाचे असल्याने ते कितीही तापवले तरी वितळत नाही, केवळ कडक होते. तयार किसलेल्या चीजचे पाकीटही टाळावे, कारण किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यावर स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते आणि ते एकसंध वितळत नाही. उन्हाळ्यात चीज किसणीला चिकटून त्याचा लगदा होतो. किसण्यापूर्वी ते पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावे.

आता सुमारे वीस सेंटीमीटरच्या चौकोनी किंवा तेवढ्याच मोठ्या गोल बेकिंग भांड्याला तेलाचे बोट फिरवून त्यात भाजलेल्या भाज्या भराव्यात. या वेळी त्या जवळजवळ असल्या तरी चालते. एकूण चीजपैकी तिसरा हिस्सा भाज्यांतच मिसळावा, म्हणजे घास घेताना ते प्रत्येक तुकड्याबरोबर येते, आणि उरलेले वर पसरावे. चीजचा थर सलग नसावा. अधूनमधून भाजीची टोके उघडी राहिली की तेथून वाफ निघते आणि ती टोके कुरकुरीतही होतात. त्यावर पावाचा चुरा एक लहान चमचा तेलात चोळून भुरभुरावा. चुऱ्यासाठी शिळा लादी पाव किंवा त्याहून चांगला म्हणजे कडक ब्रून पाव वापरावा. बेकरीतले टोस्ट कुटून वापरण्याची कल्पना अनेकांना सुचते, पण ते गोड असतात आणि त्यांत वेलची असण्याचा संभव असतो.

भांडे ओव्हनच्या वरच्या खाचेत ठेवून 200 अंशांवरच आठ ते दहा मिनिटे भाजावे. शेवटची दोन मिनिटे केवळ वरचा रॉड किंवा ग्रिल सुरू ठेवल्यास सोनेरी ठिपके चांगले उमटतात. या दोन मिनिटांत मात्र ओव्हनसमोरून हलू नये. काचेचे भांडे बाहेर काढल्यावर थेट कडप्प्याच्या ओल्या ओट्यावर ठेवल्यास तडकू शकते, म्हणून खाली लाकडी पाट किंवा घडी केलेले कोरडे फडके असावे. नंतर पाच मिनिटे तरी भांड्याला हात लावू नये. उकळते चीज या वेळात किंचित घट्ट होते आणि वाढताना सगळा थर एकदम ओढला जात नाही. शेवटी कोथिंबीर किंवा पार्सली आणि हवे असल्यास लिंबाचे चार थेंब.

व्हाइट सॉस हवाच असेल तर

काही घरांत व्हाइट सॉसशिवाय बेक्ड भाजी झाल्याचे मानलेच जात नाही. माझे मत असे की चांगल्या भाजलेल्या भाजीला सॉसची गरज नसते, परंतु मुलांना तो आवडतो आणि त्यामुळे पदार्थ पोटभरीचाही होतो. वरील प्रमाणासाठी 25 ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात तेवढाच मैदा दोन मिनिटे परतावा. त्याचा कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये. मग 300 मिलिलिटर कोमट दूध थोडे थोडे ओतत सतत घोटावे आणि सॉस चमच्याच्या पाठीवर जाडसर बसेपर्यंत उकळू द्यावा. गॅस बंद केल्यावर चिमूटभर जायफळ, मिरपूड आणि चीजचा निम्मा भाग त्यात मिसळावा. उकळत्या सॉसमध्ये चीज घातल्यास ते रवाळ होते. सॉस वापरायचा असला तरी पहिला टप्पा टाळू नये, कारण उकडलेल्या ओल्या भाज्यांवर ओतलेला दाट सॉस ओव्हनमधून बाहेर येईपर्यंत ताकासारखा पातळ झालेला असतो. सॉससह दुसरा टप्पा पंधरा मिनिटांचा होतो.

ओव्हन नसेल, तर जाड बुडाच्या लोखंडी तव्यावर किंवा कढईत भाज्या थोड्या थोड्या करून मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता तेलावर भाजून घ्याव्यात, सगळ्या एकत्र करून वर चीज पसरावे आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे. चीज वितळेल, पण त्यावर सोनेरी रंग येणार नाही. चुरा मग वेगळा तव्यावर भाजून वरून पेरावा. कुकरची शिट्टी काढून, पाण्याशिवाय त्याचा ओव्हन करण्याची युक्ती सांगितली जाते, पण कोरड्या उष्णतेने रबरी रिंग खराब होते आणि तेवढे तापमानही मिळत नाही.

वाढणे आणि उरलेले ठेवणे

तळलेल्या सुरमईबरोबर, भाजलेल्या कोंबडीबरोबर किंवा नुसत्या टोमॅटोच्या साराबरोबर आणि कडक पावाबरोबर हा पदार्थ शोभतो. साध्या वरण-भाताबरोबरही तो चांगला लागतो, हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा खाऊन पाहावे. वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी मात्र नको. पंजाबी ग्रेव्हीच्या भाज्यांबरोबर तो ठेवू नये, कारण त्या मसाल्यांपुढे हर्ब्जचा वास टिकत नाही.

नोकरीच्या दिवशी करायचे असल्यास पहिला टप्पा सकाळी किंवा आदल्या रात्री उरकून, भाज्या पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. गरम असतानाच झाकण लावले तर झाकणाखाली साचलेले पाणी पुन्हा भाजीवर पडते. संध्याकाळी घरी आल्यावर ओव्हन तापेपर्यंत चीज किसून होते, आणि भाज्या थंड असल्यामुळे दुसऱ्या टप्प्याला पाच मिनिटे अधिक द्यावी लागतात. तयार पदार्थ मुंबईच्या उष्म्यात दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये तो दोन दिवस चांगला राहतो. पुन्हा गरम करताना 180 अंशांवर दहा मिनिटे ओव्हनमध्येच ठेवावा, कारण मायक्रोवेव्हमध्ये चीज चिवट होते आणि चुरा ओला पडतो. थोडाच उरला असेल, तर हिरवी चटणी लावलेल्या ब्रेडमध्ये भरून सँडविच टोस्टरमध्ये भाजावा. त्यात वेगळे लोणी किंवा मीठ घालावे लागत नाही.